गडग्यापलीकडचे

एका कुर्दी कवीच्या कविता मी इंग्रजीवरून मराठीत आणत होतो. तुर्क, अरब, इराणी, सगळ्या शेजाऱ्यांना तो फैलावर घेतो आणि मधेच त्यांच्या घरच्या भाकरीच्या आठवणीने हळवा होतो. मला त्याचा संताप यायचा. वैरी की सोयरे, एकदा ठरव ना बाबा! 'शेजारी' लिहिलं की मिळमिळीत वाटे, 'वैरी' लिहिलं की खोटं. आठवडाभर लिहीत, खोडत, पडवीत येरझारा घालत होतो.

रविवारी सकाळी चुलतभाऊ आमच्यामधला चिऱ्याचा गडगा हातभर आमच्या हद्दीत रचताना दिसला. आंब्याच्या कलमाखाली उभा राहून मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या माझ्याही होत्या, हे नंतर लक्षात आलं. तोही कमी पडला नाही. घसा बसल्यावर आत आलो, तर ताटात त्याच्याच घरून आलेले गरम घावणे. मी खायला बसलो.

"कोण हो ते, बाबा?" पुण्याहून पहिल्यांदाच रत्नागिरीला आलेल्या सुनेने घाबरून विचारलं.

"भावकी!" मी खेकसलो, आणि घास हातातच राहिला.

हात धुऊन कवितेतलं 'शेजारी' खोडलं, तिथे 'भावकी' लिहिलं. गडगा मात्र दुसऱ्या दिवशी मी पाडलाच.