खडखड का खणखण?

गॅरेजमध्ये भंगार साठतं तसे किस्सेही साठतात. टाकून द्यायचं मन होत नाही, आणि काही तर पुढं नुसते टोचत राहतात. ढोकीच्या आमच्या ट्रॅक्टर गॅरेजातले निम्मे किस्से गफूरचाचांचे. ते हेडमिस्त्री. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि मग बरोबरीनं काम करायला लागलो.

चाचांचं आपलं एक व्याकरण होतं. खडखड म्हणजे काहीतरी ढिलं झालंय, करकर म्हणजे ग्रीस नाही, आणि खणखण म्हणजे लोखंडावर लोखंड आदळतंय, गाडी आहे तिथं बंद करा!

*

कळंबचे एक सर मोटारसायकल घेऊन आले. "इंजिनातून कर्कश ध्वनी येतो."

चाचा हात पुसत म्हणाले, "सर, ध्वनीचं काम आमी करत न्हाय. खडखड हाय का खणखण, तेवढं सांगा!"

सर एक चक्कर मारून आले आणि तोंडी परीक्षा असल्यासारखे हळूच म्हणाले, "खडखड." एक नट ढिला निघाला.

*

एका बागायतदाराचा फोन आला. "लई खणखण येतीय, ट्रॅक्टर रानातच बंद केलाय!"

आम्ही हत्यारं घेऊन भर उन्हात पळालो. निम्मं इंजिन खोललं. शेवटी सीटखाली स्टीलचा रिकामा डबा सापडला, आत चमचा!

"आवाज बरोबर वळखला तुम्ही," चाचा म्हणाले. "इंजिन ठणठणीत हाय. डबा तेवढा दुरुस्त करून घ्या!"

*

पुढं चाचा प्रत्येकाला दोन-दोनदा विचारायला लागले, "खडखड म्हणलात का खणखण?" आवाज अजमावायला इंजिनावर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ दातात धरायला लागले.

मी भर गिऱ्हाइकांत म्हणालो, "चाचा, चव कशीय इंजिनाची?"

सगळे हसले. चाचाही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. तेव्हाच मला कळायला हवं होतं. याची अजून लाज वाटते.

*

मग उसाचा एक ट्रॅक्टर चाचांनी "चालू द्या" म्हणून सोडला आणि तो बेअरिंग फुटून रस्त्यातच बसला. मालक तावातावानं आला. "केवढी खणखण येत हुती! ह्यांना ऐकू आली न्हाय व्हय?"

मला चाचांची बाजू सावरता आली असती. मी म्हणालो, "त्यांना आता ऐकू येत न्हाय. इथनं पुढं गाडी मला दाखवत जा."

चाचा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांना हेही ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चाललो. गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून माझ्याकडं यायला लागली, आणि महिन्याभरात चाचांनी येणंच बंद केलं.

*

परवा धीर करून त्यांच्या घरी गेलो. नातीनं कानाचं मशीन आणून दिलं होतं, ते लावून बसले होते. चहा झाला. मी म्हणालो, "चाचा, चुकलं माझं. गॅरेजला या परत."

"ह्या मशीनमधनं सगळंच खणखण वाजतंय बघ," ते म्हणाले. "बशी ठिवली तरी खणखण, तू बोललास तरी खणखण."

त्यांनी मशीन काढलं, खिशात ठेवलं आणि माझ्याकडं नीट तोंड करून, ओठांकडं बघत बसले.

"हां," म्हणाले, "आता बोल."