धावपट्टीवरचं आखर

विमान चालवणाऱ्यांच्या गोष्टी सगळेच सांगतात. मी जन्मात विमान चालवलं नाही, पण एक विमान ढगातून खाली उतरवलं आहे, तेही खोलीत स्टुलावर बसून. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या, पुढचं वाचल्यावर उरायची नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होतं. चामोर्शीच्या अलीकडे माळावर मुरमाची धावपट्टी होती, तिच्या कडेला एक कौलारू खोली, खोलीत वायरलेस आणि वायरलेसपुढे मी. जंगलाचे वरून फोटो काढणारं एक छोटं विमान हंगामापुरतं आमच्याकडे यायचं. पायलट पंजाबकडचा, माझ्याच वयाचा, सदा हसरा. माझ्या तोंडचं हिंदी ऐकून तर त्याला फारच हसू यायचं.

माझं काम विचित्र होतं. बाहेर खांबावर एरियल आणि ते फिरवायचं चाक माझ्या हाताशी. पायलटने बटण दाबून एक ते दहा आकडे म्हणायचे आणि मी कानाला हेडफोन लावून चाक फिरवायचं. फिरवता फिरवता त्याचा आवाज बारीक होत जायचा आणि एका जागी साफ मावळायचा. आवाज मावळला, की विमान त्या दिशेला. मग तबकडीवरचे अंश वाचून त्याला सांगायचं, अमुक अंशावर नाक धर म्हणजे माझ्याकडे येशील. ऐकू येईनासा झाला की माणूस सापडला, असलं उफराटं शास्त्र मी दुसरं पाहिलं नाही. चार वर्षं तेच केलं, तरी दर वेळी अंगावर काटा यायचा.

गावाला मात्र ती धावपट्टी म्हणजे आयतं आखर. सकाळी गावची ढोरं रानात नेण्याआधी जिथे गोळा करतात, त्या जागेला आमच्याकडे आखर म्हणतात. मुरूम कोरडा, चिखल नाही, गोमाश्या कमी. गाई एकदा तिथे बसल्या की उठायचं नाव नाही. ती राखणाऱ्या ढोरक्याशी मी भांडून भांडून दमलो. माझा स्वभाव तापट, आणि तो माझ्या बापाच्या वयाचा, शांत. शेवटी आमचा तह झाला: विमानाचा आवाज आला की त्याने ढोरं बाजूला काढायची, आवाज गेला की पुन्हा बसवायची. तो तह त्याने एकदाही मोडला नाही.

धान लोंबीवर आलं होतं, त्या दिवसांतली ही सकाळ. विमान उजाडता उजाडता अहेरीकडे गेलं तेव्हा आभाळ धुतल्यासारखं होतं. दोन तासांत तेलंगणाकडून ढग आले आणि असे खाली बसले की पलीकडच्या सागाचे शेंडे दिसेनात. नागपूरही बंद. पायलटचा आवाज आला, "वर सगळं पांढरं आहे. नागपूर गाठण्याइतकं पेट्रोल नाही. तूच उतरव." त्या दिवशी तो हसत नव्हता. पट्टीचा चौकीदार चामोर्शीच्या बाजाराला गेलेला, खोलीत मी एकटा.

आकडे, चाक, अंश. आकडे, चाक, अंश. असं करत मी त्याला माझ्याकडे ओढत आणलं. विमान ऐन डोक्यावर आलं की चाक कसंही फिरवा, आवाज कुठेच मावळत नाही. तसं झालं आणि कौलांवरून घरघर गेली. मी खिडकीतून वर पाहिलं. डोळ्यांना काही नव्हतं, नुसतं राखाडी. पण त्या राखाडीत नेमका माझ्या टाळूवर एक जिवंत माणूस होता, हे मला ठाऊक होतं, आणि मी हात जोडले. कोणाला, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढची रीत ठरलेली. त्याला वैनगंगेकडे तीन-चार मिनिटं दूर धाडायचं, तिकडे गोल वळवायचं आणि उतरत उतरत पट्टीच्या रेषेत परत आणायचं. तो दूर गेला, घरघर विरली. मी सहज खिडकीतून पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ढोरक्याने बाजूला काढलेली ढोरं पुन्हा पट्टीवर आणली होती. त्याचं काय चुकलं? आवाज आला, काढली. आवाज गेला, बसवली. विमान परत यायला आधी दूर जातं, हे त्या तहात मीच घातलं नव्हतं.

हाका मारल्या, वाऱ्यात विरल्या. मी बटण दाबलं, "आहे ती दिशा धर, खाली येऊ नकोस, वळू नकोस. दोन मिनिटं मी बोलणार नाही." का, असं त्याने विचारलं नाही. "ठीक," म्हणाला. मी हेडफोन टाकून धावलो.

"भाऊ, ढोरं काढा."

"गेला नं तो. आवाज बंद झाला."

"वापस येऊन राह्यला. काढा लवकर."

"अस्सं? मंग तू जा तुह्या कामाले. ढोरं माह्याकडं."

धापा टाकत परत आलो, हेडफोन चढवले, त्याला आकडे म्हणायला सांगितलं. चाक फिरवलं, अंश वाचले. वाऱ्याने त्याला रेषेबाहेर ढकललं होतं, चांगलं पंधरा अंश. तिकडे डोंगर आहेत. आणखी थोडा वेळ तसाच गेला असता तर त्याचे आकडे कायमचे थांबले असते आणि मी चाकच फिरवत बसलो असतो.

त्याला वळवलं. दर वीस सेकंदांनी अंश सांगत राहिलो. आठशे फूट, काही नाही. सहाशे, काही नाही. त्याचा आवाज कोरडा पडत चालला होता, माझाही. आणि मग ढगाच्या बुडातून दोन चाकं बाहेर आली, त्यांच्यामागून विमान, पट्टीच्या ऐन मधोमध, सूत लावल्यासारखं. काहीच नव्हतं तिथे माणूस आला. मी रडत होतो, आणि त्याची लाज वाटली नाही.

बाहेर आलो तर पायलट विमानाच्या चाकाला टेकून मुरमावर बसला होता. ढोरकी जवळ येऊन त्याच्याकडे पाहत उभा राहिला. मला म्हणाला, "हा काऊन असा बसला? वरतून तं याले सारं दिसत असन."

"काईच दिसत नवतं, भाऊ. मी सांगीन तिकडं येत होता."

म्हाताऱ्याने मान वर करून ढगांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "त्याले काईच दिसत नवतं, अन् तू त्याले तिथी एकट्याले सोडून माह्याकडं आला? तू आवाज देत राह्याचं होतं. मी चार ढोरं मरू देल्ली असती, पण तू त्याले सोडाचं नाई होतं."

ढोरांना धडकलं असतं तर विमानही राहिलं नसतं, हे मला त्याला सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. मी पायलटच्या शेजारी खाली बसलो.