मधल्या मावशीचा दाखला

काजताईला शिवणकामाच्या कारखान्यात दुसरं नावच उरलं नव्हतं. पंचवीस वर्षं ती शर्टांना काजं करत आली होती. बाई तोंडाची फटकळ, पण हात असा की मालक तिच्या कामावरून दुसऱ्यांदा नजर फिरवत नसे. त्या आठवड्यात मात्र तिने एका शर्टाला एक काज जास्तच पाडलं. मालकाने तो शर्ट नुसता बाजूला ठेवला. काजताईच्या पोरीचं काही खरं नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

पोर एकोणीस वर्षांची, आईसारखीच फटकळ. जिना चढताना दोनदा कोसळली. पहिल्या वेळी म्हणाली, सकाळपासून पोटात काही नव्हतं. दुसऱ्या वेळी डोकं फोडून घेतलं आणि शुद्धीवर येताच आईलाच झापलं, "किती किंचाळतेस गं! मेले नाही मी!"

डॉक्टरांना यात गंमत वाटली नाही. हृदयाचे ठोके मधेच बिघडतात, हा आजार रक्तातून येतो, कधी काय होईल सांगता येत नाही, छातीत यंत्र बसवावं लागेल, असं त्यांनी सरळ सांगितलं. यंत्राची किंमत ऐकून काजताईने तिथेच हात टेकले. नवऱ्याने केव्हाच दुसरा संसार थाटलेला, मागायचं तरी कुणाकडे? हॉस्पिटलचा धर्मादाय निधी होता. पण त्यांचा नियम असा, की रक्ताच्या दोन माणसांना चाळिशीच्या आत, याच आजाराने अचानक मरण आल्याचं कागदावर दाखवायचं.

"दोन काय घेऊन बसलात, तीन आहेत माझ्याकडे!" काजताई जवळजवळ हर्षाने ओरडली, आणि लगेच तिला स्वतःचीच शरम वाटली. आजी कपडे वाळत घालता घालता गेली होती, मधली मावशी भांडी घासताना आणि धाकटी मावशी झोपेत.

"तुम्ही सांगून चालायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "दाखले आणा. सोमवारी दहा वाजता समिती बसते. त्यानंतर एकदम तीन महिन्यांनी."

तो बुधवार होता.

नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, की अर्ज करा, वर्षं नक्की ठाऊक नसतील तर दर वर्षाच्या शोधाची फी वेगळी भरा, आणि पंधरा दिवसांनी या. "नाहीतर सगळं आता कॉम्प्युटरवर आलंय, बाई. घरबसल्या बघा की."

घरबसल्या म्हणे! त्या साइटवर आधी वर्षभराची वर्गणी मागत होते. आपलीच माणसं, आपल्याच घरात मेलेली, आणि त्यांचं मरण वाचायला वर्गणी! काजताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आग जाऊन उपयोग काय? शेजारच्या मशीनवरच्या बाईने सांगितलं, की वाचनालयात तीच साइट फुकट बघता येते. ते निम्मंच खरं निघालं. नावांची यादी फुकट होती, पण पान उघडायचं तर प्रत्येक पानाचे पैसे. शिवाय कॉम्प्युटर एकच, आणि माणशी अर्धा तास.

आजी दहा मिनिटांत सापडली. यादीत बायका फक्त नवऱ्याच्या नावाखाली होत्या, ना स्वतःचं नाव ना वर्ष, पण आजोबांचं नाव तिला पाठ होतं. वय छत्तीस, हृदयक्रिया अचानक बंद. काजताईने छापलेला कागद छातीशी धरला. धाकट्या मावशीची नोंदच कुणी केली नव्हती. राहिली मधली.

"नवऱ्याचं नाव सांगा," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"मिस्त्री."

"तो झाला धंदा. नाव काय?"

काजताईने आठवून पाहिलं. आई होती तेव्हा त्यांना भावजी म्हणायची, ती स्वतः काका म्हणायची, जग मिस्त्री म्हणायचं. आडनाव ठाऊक होतं, पण ते असं, की गल्लीत दगड भिरकावला तर त्या आडनावाच्या तिघांना लागावा. यादीत तसल्या एकशे चौसष्ट बायका निघाल्या.

गुरुवारी आणि शुक्रवारी तिने अकरा पानं उघडली. त्यापुढे पर्स उघडण्यात अर्थ नव्हता. अकराही बाया परक्या. कुणी बाळंतपणात गेलेली, कुणी जळून. एकीचं तर फक्त वय लिहिलं होतं. काजताई प्रत्येकीचं शेवटपर्यंत वाचायची, मग चुकल्यासारखं होऊन पान मिटायची. अर्धा तास केव्हाच उलटून जायचा. "उठा म्हणायला माझी जीभ रेटत नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "पण मला सांगा, हे मिस्त्री हयात आहेत ना?"

"आहेत. पुलापलीकडे. सुतारकाम करतात."

"अहो, मग त्यांनाच विचारा ना! इथे कशाला डोळे फोडताय?"

काजताईने पर्स उचलली. मधली मावशी गेली तेव्हा घरच्यांनी एकच धरून ठेवलं होतं, की चौतीस वर्षांची धडधाकट बाई अशी मरत नाही, त्यानेच मारली. आई तर त्याचं नाव काढलं की थुंकायची. आणि भर रस्त्यात, अख्ख्या गल्लीसमोर, "खुनी! माझी मावशी खाल्लीस!" असं ओरडली होती ती ही काजताईच. एकवीस वर्षांची होती तेव्हा. त्या आरडाओरड्यानंतर मिस्त्रीला वर्षभर कुणी काम दिलं नाही, हे तिच्या कानावर आलं होतं, आणि तिला बरं वाटलं होतं.

शनिवारी सकाळी पोर अंघोळीला गेली. पाण्याचा आवाज थांबला आणि पोरीचा आवाज येईना. काजताईने दार बडवलं. "केस पुसतेय गं!" आतून उत्तर आलं. काजताईने तशाच चपला घातल्या आणि ती पुलाकडे निघाली.

मिस्त्री आपल्या दुकानात दाराच्या फळीवर रंधा मारत होते. केस पार पांढरे झालेले. त्यांची दुसरी बायको उंबऱ्यात बसून खिळे निवडत होती.

"काका," काजताई म्हणाली. त्यांनी वर पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा रंधा मारायला लागले. तिने भडाभडा सगळं सांगून टाकलं. पोर, यंत्र, समिती, एकशे चौसष्ट बायका. "तुमचं नाव हवंय, काका. नुसतं नाव सांगा, मी जाते."

रंधा थांबला. ते आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद घेऊन आले. "नावाने काय होणार? दाखलाच आहे माझ्याकडे. डॉक्टरांनी तपासून दिलेला. तेव्हा हाच घेऊन तीनदा आलो होतो तुमच्या दारात. तिसऱ्या वेळी दार तूच लावलंस."

काजताईला आठवलं. त्यांच्या हातात कागद होता खरा. कोर्टाची काही तरी धमकी असेल, म्हणून तिने कडी घातली होती. आणि कडीच्या आतल्या बाजूला, तिच्या पाठीला चिकटून, धाकटी मावशी रडत उभी होती. त्यानंतर ती आठ वर्षं जगली. कागद घरात घेतला असता, कुणी नुसता वाचला असता, तर तिला डॉक्टरकडे नेली असती. आज ती म्हातारी होऊन आपल्याशी भांडत असती. "आई गं," एवढंच काजताईच्या तोंडून निघालं.

"घेऊन जा," मिस्त्री म्हणाले. "पैसा नको, काही नको. पण आधी इथे वाच. मोठ्याने."

तिने वाचलं. मावशीचं नाव. त्यांचं नाव. वय चौतीस. हृदयाचे ठोके अनियमित होऊन अचानक मृत्यू. अंगावर मारहाणीची अथवा इजेची खूण नाही. दुसऱ्या बायकोच्या हातातले खिळे तसेच राहिले. एवढी वर्षं तिने नवऱ्याला हे कधी विचारलंच नसावं, असं तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"परत," मिस्त्री म्हणाले. तिने परत वाचलं.

तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. ते फळीवर बसून भुसा झटकत होते, झटकण्यासारखं काही नसताना. काजताईने डोळे पुसले, दुकानाच्या पायरीवर आली, भरल्या रस्त्याकडे तोंड केलं आणि पहिल्या ओळीपासून ओरडून वाचायला लागली.