कंट्रोल ग्रुप फिरायला निघाला

शामला गजभिये कशासाठी ओळखल्या जातात, असं नागपुरातल्या त्यांच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, कोणालाही विचारा. सांबारवडीसाठी, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीसाठी, असं म्हणणारे दोघे निघतील. महाल भागातल्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतात म्हणून, असं सांगणारे चार. बाकी सगळे एका सुरात सांगतील, "त्या पीएच.डी.वाल्या ना? होऊन राहिली त्यांची."

हे 'होऊन राहिली' सहा वर्षं चाललं. तेवढ्या काळात समोरच्या रिकाम्या प्लॉटवर तीन मजले उभे राहिले, त्यातल्या दोन मजल्यांवर लग्नं झाली, एकाचं बारसंही झालं. शामलाबाईंचा प्रबंध मात्र तिसऱ्या प्रकरणाच्या दारात चपला काढून बसलेला. लोकांनी टोमणा मारायच्या आत त्या स्वतःच मारून घेत. "माझी पीएच.डी. म्हणजे मुक्कामी आलेला पाहुणा आहे. निघतो निघतो म्हणतो, पण बॅग भरत नाही."

चेष्टा ठीक होती, पण त्यात एक सल होता. नोंदणी झाली त्याच दिवशी त्यांच्या बाबांनी घरोघर पेढे वाटले होते. कोणी म्हणालं, अजून डिग्री कुठे झाली, तर म्हातारा म्हणाला, "ते होईनच. पेढे शिळे कायले करायचे?" पुढच्या वर्षी बाबा गेले. पेढे खाल्लेली माणसं मात्र सगळी धडधाकट होती आणि रोज भेटत होती. आता विद्यापीठाने तिसरी आणि शेवटची मुदतवाढ दिली होती. एकतीस जुलैपर्यंत प्रबंध, नाही तर नोंदणी रद्द.

विषय तसा साधा. मोठ्या वयात इंग्रजी शिकणाऱ्या बायका धडाधड बोलायला कशाने लागतात? शामलाबाईंचं म्हणणं, पाठ केलेल्या वाक्यांनी नाही. आपल्यावर गुदरलेला प्रसंग आपणच सांगायचा. आधी चार मिनिटांत, मग तोच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. तिसऱ्या वेळेला जीभ मोकळी होते. ही पद्धत त्यांनी शोधलेली नव्हती, जगात आधीपासून होती. इथल्या बायकांना ती कितपत लागू पडते, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

"वाटतं ते सोडा, बाई. आकडे आणा," असं त्यांचे गाइड मधुसूदन सर म्हणत. सर दर भेटीत हेच वाक्य म्हणत आणि चहा मागवत.

आकडे आणायचे तर आधी गृहीतक मांडावं लागतं. एका रविवारी जितेंद्रभाऊंनी, म्हणजे शामलाबाईंच्या यजमानांनी, टेबलावरचा कागद सहज उचलला. सीताबर्डीत त्यांचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. वाचायची सवय खोक्यांवरच्या मजकुरापुरती. कागदावर लिहिलं होतं : शून्य परिकल्पना – दोन्ही गटांत काहीही फरक पडणार नाही.

"हे तू लिवलं?"

"हो."

"म्हणजे सहा वर्षं डोस्कं खपवून तू सुरुवातीलेच म्हणतेस का माह्यानं काही होत नाही?"

"तसं धरूनच चालावं लागते. मग आकडे इतके जोरात आले पाहिजेत, की ते धरलेलं टिकलं नाही पाहिजे."

जितेंद्रभाऊंनी कागद जागेवर ठेवला. "मी तं लग्नापासूनच धरून चाललो. अजून टिकूनच आहे."

जानेवारीत बुद्धविहाराच्या हॉलमध्ये इंग्रजी शिकायला चाळीस बायका जमल्या. अर्ध्यांची सोमवारची बॅच, अर्ध्यांची मंगळवारची. कोण कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं, म्हणजे हुशार बायका एकीकडे गोळा झाल्या असं कोणी म्हणायला नको. सोमवारवाल्यांनी प्रसंग सांगायचे, चार-तीन-दोन. मंगळवारवाल्यांनी नेहमीसारखे संवाद पाठ करायचे. दवाखान्यात, बँकेत, शाळेत. हा कंट्रोल ग्रुप. याला नवं औषध द्यायचं नाही, नुसतं शेजारी उभं करून मापायचं.

रुखमाबाई भोयर यांची चिठ्ठी मंगळवारची निघाली. मूळच्या पारशिवनीकडच्या, तिकडे अजून वहितीची जमीन, आता मुलाकडे नागपुरात. वय अठ्ठावन्न. नातवाच्या शाळेतल्या बाई इंग्रजीतून तक्रार करतात आणि आपण नुसती मान हलवून घरी येतो, हे त्यांना झोंबलेलं. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"म्याडम, सोमवारच्याईले तुम्ही गोष्टी सांगाले लावता म्हने."

"हो, पण तुम्हाला संवाद आहेत. तेही चांगले आहेत."

"चांगले अस्ते तं सोमवारच्याईले काहून नाही देल्ले?"

या प्रश्नाला संशोधनाच्या पुस्तकात उत्तर आहे, पण ते रुखमाबाईंच्या तोंडावर देण्यासारखं नाही. शामलाबाई म्हणाल्या, "तीन महिन्यांची गोष्ट आहे, रुखमाताई. मग तुम्हालाही शिकवीन."

आणि त्या तीन महिन्यांत शामलाबाई सैनिकासारख्या वागल्या. सोमवारचे कागद कपाटात, कपाटाला कुलूप. मंगळवारच्या बॅचमध्ये त्यांच्या तोंडून चुकूनही गोष्ट निघाली नाही. एकदा पंखा पडता पडता वाचला, तरी त्यावर चर्चा होऊ न देता त्यांनी पुढचा संवाद घेतला. सोमवारवालीने मंगळवारवालीला काही सांगू नये म्हणून दोघींकडून कबूल करून घेतलं. मधुसूदन सरांना त्या अभिमानाने म्हणाल्या, "सर, माझा कंट्रोल ग्रुप इतका स्वच्छ आहे, की त्यात जेवून घ्यावं."

जानेवारीत सुरुवातीला घेतली होती तशीच परीक्षा मार्चअखेर पुन्हा झाली. प्रत्येकीने मोबाइलसमोर बसून दोन मिनिटं 'घडलेला एक प्रसंग' सांगायचा. मिनिटाला किती शब्द, मध्ये किती अडखळणं, ते ध्वनिमुद्रणावरून मोजायचं. अडखळण्याचा आकडा काढून झाला, शब्दांचा काढून झाला, आणि मधुसूदन सरांनी लॅपटॉपवर दोन गटांतला फरक तपासणारी टी-टेस्ट चालवली. मग चष्मा काढून पुसला. सर चष्मा पुसतात तेव्हा बातमी बरी नसते, हे शामलाबाईंना सहा वर्षांत कळलेलं होतं.

"पी शून्य पॉइंट एकतीस."

म्हणजे त्यांच्या पद्धतीचा काडीचाही परिणाम नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातून एकतीस वेळा दिसला असता. चालतं ते पाचाच्या खाली.

"सोमवारची बॅच कमी पडली का, सर?"

"नाही ना. सोमवारची मस्त सुधारली. पण मंगळवारचीही वर चढून बसली. संवाद पाठ करून?" सरांनी चहा मागवला.

शामलाबाई घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कानात इअरफोन घालून मंगळवारची ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकायला बसल्या. याआधी नुसते शब्द मोजले होते. मोजणाऱ्या माणसाला शब्द ऐकू येतात, गोष्ट ऐकू येत नाही. आता त्यांनी गोष्ट ऐकली. रुखमाबाईंचा आवाज होता, ठणठणीत.

"वन डे मॅडम गो कॉलेज. बॅग ओपन. फोन नो. टीव्हीचा रिमोट यस. होल डे शी वेट, नोबडी कॉल. हजबंड ॲट होम, टीव्ही नो, व्हेरी अँग्री."

शामलाबाईंनी इअरफोन कानातून काढले. ही गोष्ट त्यांचीच होती. फेब्रुवारीत त्या खरोखर फोनऐवजी रिमोट घेऊन कॉलेजात गेल्या होत्या. पण हे मंगळवारच्या बॅचला कसं कळलं? पुढचं ध्वनिमुद्रण लावलं. काजल नावाची तरणी पोर, ती स्कूटीची चाबी डाळीच्या डब्यात सापडल्याचं सांगत होती. तीही चाबी शामलाबाईंचीच. आणखी तिघींकडे आणखी तीन फजित्या निघाल्या. त्या पाच बायकांनी मिळून शामलाबाईंचं अर्धं चरित्र रेकॉर्ड करून ठेवलं होतं.

तेव्हा त्यांना बगीचा आठवला.

रविवार सोडून रोज संध्याकाळी साडेसहाला त्या लेआउटच्या बगीच्यात फिरायला जात. डॉक्टरांनी साखरेसाठी सांगितलेलं. बरोबर या पाचजणी. चालता चालता पाचजणी म्हणत, "म्याडम, थोडं इंग्लिशमध्ये बोला, आमच्या कानाले सवय होईन." यात काय बिघडतं म्हणून शामलाबाई त्या दिवशीची आपली फजिती इंग्रजीत सांगत, मग एकेक बाई तीच किंवा आपली एखादी सांगे. पहिल्या फेरीत गोष्ट सविस्तर, कारण दम ताजा. दुसऱ्या फेरीत कोणी उशिरा आलेली असे, तिच्यासाठी तीच पुन्हा, पण जरा आटोपून, कारण धाप लागलेली. तिसऱ्या फेरीत गेटवरच्या भेळवाल्याकडे पोचायची घाई, म्हणून दोन मिनिटांत.

चार, तीन, दोन.

कपाटाला कुलूप लावून ठेवलेली पद्धत शामलाबाई तीन महिने रोज संध्याकाळी, चपला घालून, कंट्रोल ग्रुपला पाजत होत्या. सोमवारवाल्यांना आठवड्यातून एकदा, आणि यांना सहा दिवस. वर भेळ.

जितेंद्रभाऊ दुकानातून आले तेव्हा बाई सोफ्यावर एकट्याच हसत बसलेल्या होत्या. त्यांना वाटलं, झालं, सरकली. सगळं ऐकल्यावर त्यांनी व्यापाऱ्यासारखा विचार केला.

"मंग त्या पाच काढून टाक नं. खराब माल कोनी शोकेसमध्ये ठेवते का?"

शामलाबाईंनी लॅपटॉप उघडला. पाच ओळी खोडल्या. टेस्ट चालवली. पडद्यावर आलं : शून्य पॉइंट शून्य चार.

चार. पाचाच्या खाली. सहा वर्षं जो आकडा बघायचा होता, तो समोर शहाण्यासारखा बसला होता. कोणाला विचारायची गरज नव्हती. वीसच्या जागी पंधरा लिहिलं की काम झालं. 'पाच जणी गैरहजर' असं लिहायचं, कोण हॉलमध्ये येऊन मोजणार? त्यांनी फाइलला 'फायनल' असं नाव दिलं, मग 'फायनल खरी' असं दिलं, आणि साडेसहा वाजले म्हणून उठून फिरायला गेल्या.

पहिल्याच वळणावर रुखमाबाईंनी विचारलं, "म्याडम, माहा आकडा किती आला?"

"मिनिटाला बासष्ट शब्द. जानेवारीत एकवीस होते."

"मंग तं पास झाली मी."

शामलाबाईंना राहवलं नाही. चालता चालता त्यांनी सगळं सांगितलं. बगीचा, रिमोट, एकतीस, चार, सगळं. इंग्रजीत नाही, सरळ आपल्या भाषेत. रुखमाबाईंनी बोटांवर हिशोब केला.

"म्हनजे आम्ही हुशार झालो, म्हनून तुमचं बिघडलं."

"तुमचं नाही हो. माझं तोंड बंद राहत नाही, म्हणून बिघडलं."

"आन् आता आम्हाले वहीतून काढून राहिल्या."

"काढलं नाही अजून."

"काढा नं. तुमच्या बापानं पेढे वाटले, आम्हीच खाल्ले. आमची काही ना नाही." मग त्या म्हणाल्या, "पन नातवाच्या बाईसंग मी परवा इंग्लिशमध्ये भांडली. ते कोन्या वहीत राहीन?"

त्या दिवशी शामलाबाईंनी भेळ खाल्ली नाही. हीच त्यांच्या अस्वस्थतेची सगळ्यात मोठी खूण, असं भेळवाल्याचंही मत पडलं.

घरी येऊन त्यांनी 'फायनल खरी' बंद केली आणि चौथ्या प्रकरणात लिहून काढलं : संशोधिकेने नियंत्रण गटातील पाच सहभागींना तीन महिने सायंकाळी चालताना अजाणतेपणी तीच पद्धत शिकवली. सर्व चाळीस जणी धरल्यास फरक सिद्ध होत नाही. या पाच वगळल्यास होतो. परंतु वगळण्याचा विचार निकाल पाहिल्यानंतर सुचलेला आहे, म्हणून त्यावर विसंबू नये. खाली दोन्ही आकडे, आणि परिशिष्टात बगीच्याचा नकाशा, फेरीच्या लांबीसह. मधुसूदन सरांनी ते वाचलं, चष्मा पुसला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा चहा मागवायला विसरले.

"बाई, हे लिहून डिग्री मिळेलच याची हमी मी देत नाही."

"मी तरी कुठे देतेय, सर. शून्यच धरून चालले आहे."

प्रबंध अठ्ठावीस जुलैला गेला. मौखिक परीक्षा दिवाळीनंतर. ती खुली असते, कोणीही येऊन बसावं. पण कोणी येत नाही. या वेळी मागच्या दोन रांगा भरल्या, आणि रुखमाबाई डब्यातून चिवडा घेऊन आल्या. बाहेरून आलेल्या परीक्षक गार्गी मॅडम कमी बोलणाऱ्या. त्यांनी थेट चौथं प्रकरण उघडलं.

"कंट्रोल ग्रुप कोणी बिघडवला?"

"मी, मॅडम."

"मग तुम्ही काय सिद्ध केलं?"

"फरक आहे, हे सिद्ध नाही झालं. फरक नाही, हेही सिद्ध नाही झालं. एवढंच नक्की झालं, की माझ्यासारख्या बोलक्या बाईने कंट्रोल ग्रुप शेजारचा घेऊ नये."

मागच्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं. गार्गी मॅडमनी पान उलटलं, नकाशा पाहिला, फेरीची लांबी वाचली. "निष्कर्षातला 'प्रभावी' हा शब्द काढा. 'शक्यता दिसते' एवढंच लिहा. आणि नकाशा ठेवा." मग त्यांनी सही केली.

शामलाबाईंनी पेढे पुन्हा वाटले. अर्ध्या घरांनी विचारलं, हे कशाचे, मागे दिले होते ना.

खरी अडचण पुढच्या सोमवारी संध्याकाळी साडेसहाला आली. रुखमाबाईंनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं, त्यामुळे बगीच्याच्या गेटपाशी मंगळवारच्या उरलेल्या पंधराही बायका चालायचे बूट घालून उभ्या होत्या.

"म्याडम, ह्या पाचच तुमच्या लाडक्या काहून?" त्यातली एक म्हणाली. "तीन महिन्यांनी शिकवीन म्हटलं होतं तुम्ही."

तेव्हापासून रोज वीस बायकांची रांग त्या बगीच्याला फेऱ्या घालते आणि मधोमध डॉक्टर गजभिये, घसा बसलेला. साखर आटोक्यात आहे, फजित्या मात्र पुरेनात. परवा काजलने तक्रार केली, की मॅडम, ही रिमोटवाली चौथ्यांदा झाली. त्यावर शामलाबाई म्हणाल्या, "थांब, उद्या काहीतरी विसरते."