वाळूजची दोरी, कोकणचा समुद्र

वाळूजला आमच्या कंपनीत स्क्रॅप रोज संध्याकाळी उचलला जातो. किस्से मात्र कोणी उचलत नाही, त्यामुळे ते साचत जातात. त्यातून आम्ही क्वालिटीवाले, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी माणसं. अशा माणसांनी स्वतः काही करायचं ठरवलं की किश्श्यांना काय तोटा! आणि आमच्या साळवे मॅडमचे किस्से ठेवायला तर वेगळा रॅकच लागेल.

साळवे मॅडम म्हणजे आमच्या क्वालिटी हेड. छावणीत राहतात, स्कूटीवर येतात. गेटवर वॉचमनला "जयभीम" म्हणतात आणि लाईनवर आल्या की हातात येईल त्या पहिल्या पार्टला म्हणतात, "दाखव रे तोंड!"

* * *

आमच्या असेंब्ली लाईनवर एक पिवळी दोरी आहे. काही चुकतंय असं कोणालाही वाटलं की ओढायची, लाईन थांबते. भिंतीवरच्या बोर्डावर हा नियम छान दिसतो. पण दोरी ओढली की साहेब धावत येतात, म्हणून पूर्वी तिला कोणी हात लावत नसे.

एकदा एका नव्या ऑपरेटरने ओढली. प्लांट हेडसाहेब केबिनमधून तरातरा आले. "का थांबवली?"

तो घामाघूम. "सर, आवाज येगळा आल्यावानी वाटलं."

मशीन उघडलं, सगळं तपासलं, काही म्हणजे काही निघालं नाही. साहेब लालबुंद! तेवढ्यात साळवे मॅडम कॅन्टीनमधून स्वतः चहाचा कप घेऊन आल्या आणि त्यांनी तो त्या ऑपरेटरच्या हातात दिला.

"मॅडम, काही निघालं नाही तरी चहा?" साहेब ओरडले.

"साहेब, आज याला कारण विचारून विचारून घाबरवलं, तर उद्या खरंच काही दिसल्यावर हा दोरी ओढंल का?"

साहेब आल्या पावली केबिनमध्ये परत गेले. तेव्हापासून आमच्या प्लांटमध्ये रीतच पडली. दोरी ओढली की मॅडमच्या हातचा चहा. कारण त्याने आपणहून सांगितलं तर ऐकायचं, विचारायचं नाही. आणि ज्याने लाईन थांबवली, ती चालूही त्यानेच करायची.

फायनल इन्स्पेक्शनच्या पठाणने मात्र कधीच दोरीला हात लावला नाही. अगदी मोजकं बोलणारा माणूस. मॅडम त्याला चिडवायच्या, "पठाण, माझ्या हातचा चहा तुला गोड लागत नाही का रे?" तो नुसता हसायचा.

* * *

मॅडमची रिटायरमेंट जवळ आली तशी आम्ही विचारलं, "मॅडम, गिफ्ट काय देऊ?" आमचा अंदाज होता पैठणी, नाहीतर मिक्सर.

मॅडम म्हणाल्या, "मला समुद्रात कयाक, ती वल्ह्याची अरुंद होडी, चालवायचीय. एका किनाऱ्यावरून निघायचं, दुसऱ्या किनाऱ्यावर तंबू टाकून मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी परत. तुम्ही तिघं चला. आणि गाईड नको!"

आम्ही तिघं म्हणजे मशिन शॉपचा जाधव, पठाण आणि मी. तिघांच्याही घरापासून समुद्र रात्रभराच्या रस्त्यावर. मी धीर करून विचारलं, "मॅडम, पण गाईड का नको?"

"सगळी नोकरी दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर दुसऱ्याचा माल तपासण्यात गेली. एकदा तरी ड्रॉइंग माझं, माल माझा!"

दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघं कोकणात जाऊन कयाकिंगचं रीतसर शिक्षण घेऊन आलो. परत येताना गाडीत मॅडमनी जाहीर केलं, "लाईनचा नियम समुद्रावर पण चालू. कोणीही दोरी म्हटलं की थांबायचं. कारण विचारायचं नाही."

* * *

सामान भिजू नये म्हणून ड्रायबॅगा लागतात. पठाणचं घर शहागंजात, त्यामुळे खरेदी तिथेच. दुकानदाराने पिशव्या काढून दिल्या आणि विचारलं, "मॅडम, इधर समंदर कहाँ है?"

मॅडमनी उत्तर न देता बादलीभर पाणी मागितलं. स्वतःचा फोन पिशवीत टाकला, तोंड गुंडाळून क्लिप लावली आणि पिशवी सरळ पाण्यात दाबली. दुकानदाराचा चेहरा पडला. "अरे अरे, मॅडम! नया फोन है!"

"माल पास करायचा तर आधी आपला जीव लावायचा," मॅडम म्हणाल्या. एका पिशवीतून पंक्चरच्या दुकानात येतात तसे बारीक बुडबुडे आले. ती बाजूला. दुसरीही बाजूला. दुकानातल्या सगळ्या पिशव्या बुडवून झाल्यावर चारच पास झाल्या. फोन कोरडा ठणठणीत.

दुकानदार नापास मालाच्या ढिगाकडे बघत राहिला. मग पठाणला हळूच म्हणाला, "भाई, मॅडम रिटायर हो रहे बोले ना? पूछो तो, हमारे यहाँ बैठेंगे क्या!"

* * *

सरावासाठी जाधवचं शेततळं ठरलं. हर्सूलच्या पुढे त्यांची शेती आहे. कोकणात जिथे शिकलो तिथल्या कयाकमालकाने एक जुनी, दोघांची कयाक दिली आणि ती आमच्या कंपनीच्या रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून शेतात येऊन पडली.

जाधवच्या चुलत्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, बोटाने वाजवून बघितली. "टाकी लई लांबडी हाय. पाणी किती मावतं?"

जाधव म्हणाला, "तात्या, हिच्यात पाणी भरायचं नसतं. हिलाच पाण्यात ठेवायचं."

"मंग काय उपेग!" म्हणून तात्या निघून गेले.

शेततळ्याला प्लॅस्टिक अंथरलेलं, पाय टाकला की घसरगुंडी. मॅडमनी चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि टायर बांधून घेतले आणि लाईफ जॅकेटशिवाय कोणाला काठावरही उभं राहू दिलं नाही. जाधवला हसू आलं. "मॅडम, आपण हिरीत पवून मोठं झालोय. हे तळं काय करतंय मला?"

कयाकमध्ये बसला आणि दोन वल्ही मारायच्या आत उलटा!

बोट उलटल्यावर पाण्यातून परत आत चढता आलं पाहिजे, तरच पास. मॅडम स्वतः किती वेळा पडल्या ते मी मोजायचं सोडून दिलं. प्रत्येक वेळी केसांतलं पाणी निथळत वर यायच्या आणि स्वतःलाच म्हणायच्या, "रिजेक्ट. परत!" या वयात माणसं गुडघ्याच्या डॉक्टरचा नंबर एकमेकांना देतात, आणि ही बाई दर रविवारी जाधवच्या शेततळ्यात बुडत होती! शेवटी एकदा त्या एका दमात कयाकवर चढून बसल्या, तेव्हा बांधावरून टाळ्या वाजवणाऱ्यांत तात्या सगळ्यांत पुढे होते.

* * *

मुक्कामाची रंगीत तालीमही तिथेच, त्याच शेताच्या उतारावर. आम्ही तिघांनी तळाशी, सपाट आणि मऊ जागा बघून तंबू ठोकले. मॅडमनी आपला तंबू पार वर, दगडधोंड्यांत ठोकला.

"मॅडम, खाली या की, इथं लई भारी जागा हाय!" जाधव म्हणाला.

"मला इथंच बरं आहे."

दुपारी जेवून आम्ही आडवे झालो. डोळा लागला तोच पाठीखाली गार गार लागलं. बाहेर येऊन बघतो तर चपला तरंगत निघालेल्या! वरच्या बांधाजवळ मोटारीचा पाइप धो धो सुटलेला आणि शेजारी तात्या कमरेवर हात ठेवून उभे.

"तात्या, पाणी कामून सोडलं?" जाधव ओरडला.

"बाईनीच सांगितलं. म्हणल्या, लाईट आली की सोडा."

वर दगडांत मॅडम शांतपणे संत्रं सोलत बसल्या होत्या. "ही भरती. समुद्रावर रोज येते. झोपायच्या आधी मागच्या भरतीची खूण बघायची आणि तिच्या वर तंबू टाकायचा. तुमच्या लाईटीचं टाइमटेबल चुकतं, समुद्राचं चुकत नाही."

त्या दिवसानंतर जाधव घरातसुद्धा पलंगावर झोपतो, असं त्याची बायको सांगते!

* * *

कयाकमालकाला गाईडशिवाय जाणारे हे चौघं मराठवाड्यातले झेपेनात. मॅडमनी त्याला फोनवर मार्ग सांगितला, वाऱ्याच्या वेळा सांगितल्या, अडचण आली तर कुठल्या किनाऱ्याला लागायचं ते सांगितलं. गावात आणि पोलिसांत कळवून ठेवल्याचंही सांगितलं. त्याला एकही चूक सापडेना. शेवटी तो म्हणाला, "ते सगळं ठीक आहे हो, पण त्या किनाऱ्यावर गोडं पाणी नाही. पुरवून वापरायला जमेल ना?"

मॅडम इतक्या हसल्या की फोन माझ्याकडे द्यावा लागला. मी म्हणालो, "दादा, आमच्या घरी नळाला पाणी आठवड्यानं येतं. पाण्याचं तेवढं आमच्यावर सोडा!"

* * *

आणि मग तो शनिवार.

बेत घट्ट बांधलेला होता. शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी दुपारपर्यंत परत, रात्रभर गाडी हाणून सोमवारी कंपनीत. सोमवारी मॅडमचा नोकरीचा शेवटचा दिवस. मांडव घातलेला, पुण्याहून मोठे साहेब येणार, मॅडमचं भाषण. सोमवारनंतर मॅडम लेकीकडे बेंगळुरूला जाणार होत्या, म्हणजे पुन्हा कधी हा योग येणार नव्हता. जाधव म्हणालाही होता, "मॅडम, एक दिवस जादा ठिवा." मॅडम म्हणाल्या होत्या, "माझी डिलिव्हरी आजपर्यंत कधी लेट गेली नाही."

शनिवारी सकाळी समुद्र इतका शांत होता की मला शेततळंच आठवलं. दोन्ही कयाक भरून पाण्याच्या कडेला. मॅडम पुढच्या कयाकमध्ये बसल्या, वल्हं हातात घेतलं आणि माझ्याकडे बघून अशा हसल्या की एवढ्या वर्षांत ते हसू मी पाहिलं नव्हतं. ढकलायला पठाण मागे उभा होता.

तो समोर बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, दोरी."

मॅडमनी वल्हं आडवं ठेवलं, कयाकमधून उतरल्या आणि म्हणाल्या, "धरा रे, वर घ्या." आम्ही दोन्ही कयाक ओढून कोरड्या वाळूवर आणल्या. पठाण एका बाजूला जाऊन पाण्याकडे तोंड करून बसला.

तास गेला, दोन तास गेले. वाऱ्याची झुळूक नाही, लाटेला फेस नाही. मालक येऊन म्हणाला, "अहो, आजच्यासारखं पाणी महिन्यातून एकदा मिळतं!" जाधवची नुसती तगमग. "मॅडम, समुद्र तर आमच्या शेततळ्यावानी गप हाय!"

"शेततळ्यात पण तू उलटला होतास," मॅडम म्हणाल्या.

मला राहवेना. मी पठाणकडे जायला उठलो, तर मॅडमनी नजरेनेच मला बसवलं. मग स्टोव्ह पेटवला, चहा केला, पहिला कप भरला आणि वाळू तुडवत पठाणपर्यंत गेल्या. "साखर बघ बरोबर आहे का."

पठाणने दोन्ही हातांनी कप घेतला. सूर्य बुडेपर्यंत समुद्र तसाच होता. आम्ही मालकाच्या अंगणात तंबू टाकले. मॅडमनी हुकलेल्या दिवसाचा विषय एकदाही काढला नाही. मला मात्र त्यांच्याकडे बघून भरून येत होतं, हे सांगून टाकतो.

रविवारी सकाळी चुळा भरत होतो तेव्हा पठाण आला. लाईफ जॅकेट घालून, तयार.

"मॅडम, चालू करा."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं. आता निघायचं म्हणजे रात्रीचा मुक्काम पलीकडे, परत यायला सोमवारची दुपार. तिकडे मांडवात हार, बुके, पुण्याचे साहेब आणि खुर्ची रिकामी!

त्यांनी ड्रायबॅगेतून फोन काढला आणि प्लांट हेडसाहेबांना लावला. स्पीकर चालूच होता, आम्ही तिघं भोवती उभे.

"साहेब, साळवे बोलतेय. उद्या मला पोचता येणार नाही. काल लाईन थांबली होती."

पलीकडून साहेबांचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"थांबवणाऱ्याला चहा दिला का, मॅडम?"