उद्धव भाऊजींची नाइन एमएम

उद्धव भाऊजी म्हणजे माझ्या बहिणीचे, जयमालाचे यजमान. सव्वीस वर्षं त्यांनी शस्त्रागारात आर्मोररचं काम केलं. म्हणजे दुसऱ्यांची हत्यारं खोलायची, पुसायची, जोडायची आणि स्वतः कधी कुणावर रोखायची नाहीत. कोणत्या दलात ते लिहीत नाही. माणूस आता पेन्शन घेतो. मूळ गाव वरवट बकाल, पण घर बुलढाण्यातच केलं.

त्यांचा जीव एकाच गोष्टीवर होता, आणि ती आपण नव्हे हे जयमालालाही ठाऊक होतं. जुनं नाइन एमएम पिस्तूल. सगळं पोलादाचं, मागे गोळीवर आपटणारा उघडा घोडा, मॅगझिनमध्ये तेरा गोळ्या. एकदा शस्त्रप्रदर्शनात त्यांनी रिकामं पिस्तूल माझ्या हातात दिलं. "गुरुजी, मूठ आवळून पाहा. हात कोनाचाबी असो, हे बराब्बर बसते." मी गणिताचा मास्तर. मला वजनाखेरीज काही जाणवलं नाही, आणि मी तसं बोलून बसलो. पुढचे आठ दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

मग नवीन पिस्तुलं आली. प्लास्टिकचं अंग, घोडा आत लपलेला, वजनाला हलकी. काढा, चाप ओढा, काम झालं. जुन्याचं तसं नव्हतं. घोडा आधीच ओढून, सेफ्टी लावून कमरेला बांधायचं म्हटलं की नव्या पोरांची छाती धडधडायची. न ओढता बांधलं, तर ऐनवेळी आणखी एक काम वाढायचं.

"हे खरं हाये," भाऊजी कबूल करायचे. "पन शिकवा ना मंग पोरायले! काऊन शिकवत नाई?"

शिकवायला वेळ कुणाला होता? जुनी चाळीस पिस्तुलं मांडणीवर पडून राहिली. भाऊजी मात्र दर आठवड्याला ती काढून तेल देत. मी चेष्टा करायचो, की एवढं तेल आमच्या बहिणीच्या डोक्याला लावलं असतं तर केस तरी वाढले असते.

गेल्या वर्षी त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. चाळीस पिस्तुलं ठेवायची की मोडीत काढायची हे पाहायला समिती येणार असं कळलं. नमुन्याचं एक पिस्तूल चालवून बघणार होते. भाऊजींना फार काही नको होतं. सरावापुरती तरी ती राहावीत, आपल्या डोळ्यांदेखत भंगारात जाऊ नयेत, एवढंच. त्यांनी चाळीसांतलं सगळ्यांत चोख पिस्तूल निवडलं आणि चार वेळा खोलून जोडलं.

मधे दसरा आला. शस्त्रपूजेला दरवर्षी एक पिस्तूल पाटावर मांडायची पद्धत होती. त्या वर्षी मान अर्थातच त्या निवडलेल्याला मिळाला. घोडा मागे ओढून ठेवला, कारण तसं ते शोभतं. हळदकुंकू, झेंडूची फुलं, ओल्या कुंकवातल्या अक्षता. एकदा पूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजा होईपर्यंत खोलायचं नाही, हा तिथला रिवाज. किती साहेब आले नि गेले, रिवाज तोच राहिला.

समिती दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात उभी राहिली, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी.

भाऊजींनी पाटावरच्या पिस्तुलाला हात जोडले, फडक्यानं वरवर पुसलं आणि नेऊन दिलं. खोलून बघितलं नाही. एखाद्या शिपायानं असं केलं असतं तर त्यांनी त्याला सोलून काढला असता. "उत्तरपूजा झाली नोहोती. खोलाले हात धजला नाई," असं नंतर मला म्हणाले.

मैदानावर चाप ओढला. टक. गोळी सुटली नाही. दुसरी टक, तिसरी टक. समितीच्या साहेबांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि गाडीत बसले. दहा मिनिटांत सगळं आटोपलं.

दुपारी भाऊजींनी पिस्तूल खोललं. घोड्याच्या बुडाशी तांदळाचा लाल चुरा अडकला होता. त्यामुळे घोडा पुरता आपटतच नव्हता. चुरा काढल्यावर तो पहिल्यासारखा खाडकन पडायला लागला.

त्या संध्याकाळी त्यांनी हे आम्हाला सांगितलं. मी सरळ म्हणालो, "तोंड उघडू नका. चौकशी लागेल, पेन्शन अडकेल. लोखंडासाठी म्हातारपण नासवायचं का?" मला त्यांचा मनापासून राग आला होता. जयमाला एवढंच म्हणाली, "तुमाले झोप येईन तसं करा."

तीन दिवस ते नुसते बसून होते. वाढलं ते खायचे. एका दुपारी भाजीत मीठ नव्हतं, तीही त्यांनी निमूट संपवली. हाक मारली तर 'हाव' म्हणायचे आणि तिथंच बसायचे. रडले असते, चिडले असते, तर मला बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला. चूक माझी आहे, पिस्तुलाची नाही. माझ्यावर योग्य ती कारवाई व्हावी, पण चाचणी पुन्हा घ्यावी. इस्त्रीचा गणवेश घालून निघाले. जयमाला फाटकापर्यंत गेली.

दोन तासांनी परत आले. काय झालं ते त्यांनी दुसऱ्याची हकीकत सांगावी तसं सांगितलं. त्यांच्या कचेरीतल्या साहेबांनी अर्ज वाचला. हसले. चहा मागवला. "उद्धवराव, मोडीचा आदेश महिन्यापूर्वीच आलाय. चाचणी नुसती फाइल पूर्ण करायला होती. गोळी सुटली असती तरी तेच झालं असतं. सोमवारी गाडी येईल, तुम्हीच पेट्या भरून द्या." मग अर्जाची घडी करून तो त्यांच्या हातात परत दिला.

माझ्या जिवात जीव आला. "सुटलात की हो भाऊजी!" मी म्हणालो. "चौकशी नाही, नोटीस नाही, काही नाही! पेढे आणा आता."

त्यांनी बूट काढले, मोजे काढले, ते नीट बुटात खोचले. जयमालानं पुढे केलेलं पाणी प्यायले. 

"गुरुजी," मग म्हणाले, "एखादा मेमो तरी द्याले पाह्यजे होता मले."