तारेबाहेरचं पाणी

मी रोहणा गावचा. इंजिनिअर रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो. सुरक्षा म्हणजे काय, हे मला नोकरीच्या पहिल्या चौदा वर्षांत पाठ झालं होतं. समोर पाकिस्तानची चौकी, मध्ये तार, आपल्या हातात दुर्बीण.

मग आफ्रिकेत अनेक देशांच्या शांतिसेनेत पोस्टिंग आली. काम पाणी शुद्ध करण्याचं. कॅम्पला तार होती. तारेबाहेर लढाईतून पळून आलेली हजारो माणसं नदीचं पाणी प्यायची. पावसाळ्यात त्यांच्यात कॉलरा सुरू झाला. गेटवर पहारा वाढवावा, असं मी सुचवलं.

नाईक देवराव उईके माझ्या हाताखाली होता. आमच्याच भागातल्या केळझरचा. तो हसला.

"साहेब, रोगाले तार दिसते काय? आपली भांडी घासणारा बाहेरूनच येते. त्याचं लेकरू बिमार आहे."

मेजर साहेबांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला पाण्याचा टँकर बाहेर जाऊ लागला. काही दिवसांत नवे रुग्ण कमी झाले.

एके दिवशी टँकरवर माझी ड्युटी होती. मला ताप होता.

"तुम्ही पडून राहा," देवराव म्हणाला. "मी जातो."

मी हो म्हटलं.

०९२० वाजता रेडिओ वाजला. "वॉटर पॉइंटवर दोन गटांत फायरिंग. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"नाईक उईके. पोटात गोळी. ओव्हर."

बायका-मुलांना टँकरच्या आड घेताना त्याला गोळी लागली होती. आमचं हॉस्पिटल चाळीस किलोमीटरवर. बारा किलोमीटरवर पाकिस्तानी तुकडीचं होतं. मी तापातच जीप घेऊन वॉटर पॉइंटवर पोहोचलो आणि देवरावला तिकडे नेलं. पहाऱ्यावरच्या जवानाने काही न विचारता गेट उघडलं.

त्यांचा डॉक्टर कॅप्टन म्हणाला, "ओ निगेटिव्ह चाहिए." त्यांचेच दोन जवान बाह्या वर करून पुढे आले.

देवराव दुपारी थोडा शुद्धीवर आला.

"कोणतं हॉस्पिटल व्हय, साहेब?"

"पाकिस्तानचं."

त्याने छताकडे पाहिलं. "मंग तं आपण लय दूर आलो."

१६४० वाजता तो गेला.

सुट्टीवर आल्यावर मी केळझरला गेलो. त्याची बायको सुनंदा अंगणवाडीत शिकवते. मी तिला सगळं सांगितलं. माझ्या ड्युटीवर तो गेला होता, हेही. तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग तिने विचारलं,

"रक्त देणाऱ्यायचे नावं काय होते?"

"एक सिपाही इम्रान. दुसऱ्याचं विचारायचं राहून गेलं."

"विचारायले पाहिजे होतं, भाऊजी."

आता दरवर्षी देवराव गेला त्या तारखेला केळझरच्या शाळेत मला बोलावतात. मी फार बोलत नाही. मुलांना उभं करतो आणि नावं घेतो. नाईक देवराव उईके. सिपाही इम्रान. मग ज्याचं नाव मी विचारलं नाही, त्याच्यासाठी एक नाव घ्यायला लागतो तेवढाच वेळ गप्प उभा राहतो.